आर्डिथ मोएनबाईंचा पट्ट्यापट्ट्यांचा ड्राइव्हवे

हार्लो गावात मी चोवीस वर्षं टपाल वाटलं, आणि त्यातली एकोणीस वर्षं स्प्रूस स्ट्रीट माझ्या वाट्याला होता. टपालवाल्याला माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांचे ड्राइव्हवे जास्त ओळखीचे होतात, कारण वर्षातले पाच महिने नजर पायांखालीच ठेवावी लागते. कुठे बर्फाखाली भेग दबा धरून बसली आहे, कुठे गॅरेजपाशी पाणी साचून, गोठून त्याची काच होते, हे मला त्या घरच्या माणसांच्याही आधी कळायचं. त्या रस्त्यावरचे सगळे ड्राइव्हवे काळेकुळकुळीत. एकच तसा नव्हता, तो आर्डिथ मोएनबाईंचा.

बाई तिथे राहायला आल्या तेव्हा बासष्टच्या होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी चीजच्या कारखान्यात दूध तपासायचं काम केलं होतं. आसपासच्या गोठ्यांमधून दुधाचे टँकर यायचे, आणि आत ओतायच्या आधी प्रत्येक टँकरमधलं पळीभर दूध बाईंच्या टेबलावर जायचं. त्या हो म्हणाल्या तर टँकर आत, नाही तर सगळं दूध मातीत. एकदा त्यांच्या सख्ख्या भावाच्या, ऑर्विलच्या दुधात औषधाचा अंश सापडला. गाईला सुई दिली होती आणि तिचं दूध वेगळं काढायचं राहून गेलं होतं. बाईंनी पाच गोठ्यांचं दूध असलेला अख्खा टँकर नाकारला. ऑर्विल दोन वर्षं बहिणीशी बोलला नाही. "नुसतं चाखून बघितलं असतंस तरी चाललं असतं," असं तो म्हणाला होता म्हणे. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होतं. "वेंडेल, चाखून कळत असतं तर मला पगार कशाला दिला असता?"

घराच्या आधीच्या मालकाने विकण्यापूर्वी ड्राइव्हवेला नवं डांबर घालून घेतलं होतं. रस्त्यापासून गॅरेजपर्यंत साठ फूट लांब, बारा फूट रुंद. बाईंना त्याचं विशेष काही वाटत नव्हतं. विशेष वाटायला लावलं ते शेजारच्या डेल्मर प्रॉकनावने.

डेल्मर माझ्या बोलिंगच्या, म्हणजे चेंडूने लाकडी खुंट्या पाडायच्या खेळाच्या, संघातला. लाकडाच्या गिरणीत फोरमन होता, आणि कोणत्याही विषयावर त्याचं मत तयार असायचं. ऑगस्टमधल्या एका शनिवारी तो गुडघ्यापर्यंतचे जुने बूट घालून, लांब दांड्याच्या रबरी फावड्याने आपल्या ड्राइव्हवेवर डांबरी लेप ओढत होता. मी टपाल घेऊन कुंपणाशी पोचलो, तेव्हा बाई पलीकडून त्याचं काम बघत उभ्या होत्या.

"तुमचा या वर्षी राहू द्या," डेल्मर त्यांना सांगत होता. "नवं डांबर वर्षभर तरी मुरू द्यावं लागतं. पण पुढच्या ऑगस्टपासून दर दोन वर्षांनी लेप. चुकवायचं नाही."

"चुकवलं तर?"

"पाच वर्षांत भुगा."

"कोणाचा झालाय?"

डेल्मरने रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. "कोणाचा होईल कसा? सगळे लेप देतात ना!"

"मग तुम्हाला कळलं कसं?"

"माझे वडील सांगायचे."

"त्यांचा ड्राइव्हवे डांबरी होता?"

डेल्मरने फावडं थांबवलं. "खडीचा होता," तो म्हणाला, आणि माझ्या हातातलं टपाल जरा हिसकावूनच घेतलं.

तिथून बाईंच्या डोक्यात ते बसलं. त्या विचारत सुटल्या. हार्डवेअरच्या दुकानात लेपाचा मोठा डबा अडतीस डॉलरला मिळायचा, त्यांच्या ड्राइव्हवेला दोन डबे लागले असते. डब्यावर लिहिलं होतं, दरवर्षी द्या, आणि दुकानदारही तेच म्हणाला. लॅव्हर्न झास्ट्रो नावाचा माणूस ट्रकवर टाकी घेऊन घरोघरी हेच काम करायचा. त्याने दोनशे डॉलर सांगितले आणि म्हणाला, दर तीन वर्षांनी. बाईंनी त्याला विचारलं, "तुमच्या स्वतःच्या घरी कधी देता?" लॅव्हर्न हसायला लागला. "बाई, माझा कायम राहिलेलाच असतो. दिवसभर दुसऱ्यांचं काळं करून आल्यावर घरचं कोण करतं?" मग त्यांनी काउंटीच्या रस्ते विभागात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "आम्ही असला लेप देतच नाही. भेगा भरतो. पाणी आत जाऊ दिलं नाही की डांबर टिकतं." आणि ड्राइव्हवे उखडून नवा घालायचा तर पाच हजारांच्या घरात जातं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

"चौघांना विचारलं, चार उत्तरं," बाई मला म्हणाल्या. "आणि चौघंही इतके ठाम, की मी विचारलं हेच त्यांना विचित्र वाटलं."

दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांनी मोजपट्टी, खडू आणि दोरी घेऊन ड्राइव्हवेचे आडवे चार पट्टे आखले. आडवे अशासाठी, की गाडीची चाकं प्रत्येक पट्ट्यावरून सारखीच जावीत. एका पट्ट्याला काहीच करायचं नाही. दुसऱ्याच्या फक्त भेगा भरायच्या. तिसऱ्याच्या भेगा भरून दर तीन वर्षांनी लेप, लॅव्हर्न म्हणतो तसा. चौथ्याला भेगा भरून दरवर्षी लेप, डब्यावर लिहिलंय तसा.

"आणि माझी दोन वर्षं?" डेल्मरने विचारलं. तो केव्हाचा कुंपणापाशी येऊन उभा होता.

"तुमचा ड्राइव्हवे आहेच की शेजारी," बाई म्हणाल्या. "तो मला फुकट बघायला मिळतो."

डेल्मरला हे आवडलं असावं, कारण तो कुंपण ओलांडून आला. खडूच्या रेषांकडे बघत म्हणाला, "यात खोट आहे. बर्फ काढणारी गाडी रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ आणि चिखल या टोकाला ढकलते. रस्त्याजवळचा पट्टा मार खाणार, गॅरेजजवळचा सुखात राहणार. मग दोष लेपाचा की जागेचा, हे कसं कळणार?"

बाईंनी रेषांवरून एक फेरी मारली. मला वाटलं, आता याला परतवून लावतात. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं." आणि ओल्या फडक्याने सगळ्या रेषा पुसल्या. चाराचे आठ पट्टे केले, प्रत्येक प्रकाराचे दोन. कोणता कुठे यायचा हे स्वतः न ठरवता आठ चिठ्ठ्या केकच्या भांड्यात टाकल्या आणि मला त्या काढायला लावल्या. मी टपालाची पिशवी खांद्यावर घेऊनच एकेक चिठ्ठी काढली, आणि बाईंनी ती वहीत लिहून घेतली.

पहिली दोन-तीन वर्षं रस्त्याला हसायला विषय मिळाला. कुठे काळा, कुठे करडा, मध्येच पुन्हा काळा. लोक त्याला बाईंचा पियानो म्हणायला लागले. डेल्मरची बायको बर्नडीन हसली नाही. मुलीच्या पदवीच्या मेजवानीला चाळीस पाहुणे येणार होते आणि शेजारी हे असं. तिने तोंडावर सांगितलं, "आर्डिथ, निदान एका रंगाचा तरी करा हो. घरात कोणी आजारी आहे की काय असं वाटतं." बाईंनी तिला लिंबाच्या वड्यांचं ताट भरून दिलं आणि म्हणाल्या, "मेजवानीच्या दिवशी गाड्या माझ्याकडे लावा. गाड्या लावल्यावर खालचं दिसत नाही." तशा तीन गाड्या लागल्याही. दुसऱ्या दिवशी बाईंनी वहीत त्याची नोंद केली, कोणत्या पट्ट्यावर किती वेळ किती वजन होतं याची.

त्यांचं मोजायचं काम बघायला मी मुद्दाम रेंगाळायचो. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, वर्षातून दोनदा. प्रत्येक भेगेच्या टोकाला रंगाचा ठिपका, म्हणजे पुढच्या वेळी ती किती पुढे सरकली ते कळावं. भेगेची लांबी दोरीने, रुंदी नाण्याने. दहा सेंटचं नाणं आत जातं का, नाही गेलं तर पोस्टकार्डाची कडा जाते का. एका वर्षी त्यांनी कॉफीचा डबा दोन्ही बाजूंनी कापून नळकांडं केलं, ते पुट्टीने डांबरावर चिकटवलं, त्यात कपभर पाणी ओतलं आणि ते किती उतरतं ते बघत बसल्या. बिनलेपाच्या पट्ट्यावर अर्ध्या तासात पाणी केसभर उतरलं. लेपाच्या पट्ट्यावर होतं तिथेच राहिलं.

"बघा!" डेल्मर ओरडला. तो आता घरात कमी आणि कुंपणापाशी जास्त असायचा. "मी काय सांगत होतो? लेप पाणी धरतो!"

"धरतो," बाई म्हणाल्या. मग त्यांनी ते नळकांडं उचललं आणि त्याच लेपाच्या पट्ट्यावर, हिवाळ्यात नव्याने पडलेल्या एका केसाएवढ्या भेगेवर चिकटवलं. पुन्हा कपभर पाणी ओतलं. चार मिनिटांत डबा कोरडा.

डेल्मर वाकून त्यात बघत राहिला. "कुठे गेलं सगळं?"

"तेच मला बघायचंय," बाई म्हणाल्या.

मी दर वर्षी विचारायचो, "काय ठरलं मग? द्यावा की नको?" आणि त्या दर वर्षी तेच सांगायच्या, "अजून नाही. हिवाळे कमी झालेत." मला ते पटायचं नाही. पाच-सहा वर्षांत कुणालाही अंदाज आला असता. पण त्यांना अंदाज नकोच होता. एकदा म्हणाल्या, "अंदाज तर पहिल्या दिवशीही होता माझा. तो मी पाकिटात बंद करून ठेवलाय, म्हणजे मला स्वतःला फसवता येऊ नये."

बाई एकाहत्तरच्या असताना, जुलै महिन्यात, चर्चच्या तळघराच्या पायऱ्यांवरून कॉफीचं मोठं भांडं नेताना पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आधी इस्पितळ, मग चालायला शिकवणारं केंद्र, असे मिळून सात आठवडे जाणार होते. दरवर्षीच्या पट्ट्यांना आठ लेप झाले होते, नववा त्या ऑगस्टमध्ये द्यायचा होता.

स्प्रूस स्ट्रीटवरची माणसं भली आहेत. कोणी बाईंचं गवत कापलं, कोणी टोमॅटोला पाणी घातलं. आणि डेल्मरच्या मनात आलं की या निमित्ताने त्यांचा ड्राइव्हवेही सगळ्यांनी मिळून करून टाकावा. लॅव्हर्न अर्ध्या पैशात यायला तयार झाला. वर्गणीचं पाकीट घरोघर फिरवायला माझ्याइतका सोयीचा माणूस कोण?

"अरे, पण त्यांचे पट्टे?" एवढं मी डेल्मरला म्हणालो.

"नऊ वर्षं झाली, वेंडेल. कळायचं ते कळलं असेल की. आता या वयात काठी टेकत डबे उचलणार आहेत का त्या? आल्यावर कसं चकाचक दिसलं पाहिजे."

मला पुढे बोलता आलं असतं. नळकांडं बघितलं होतं, ठिपके बघितले होते, चिठ्ठ्या मीच काढल्या होत्या. पण सगळे इतके खुशीत होते, आणि मला त्यात मिठाचा खडा टाकायचा नव्हता. मी पाकिटात माझे दहा डॉलर घातले आणि ते पुढच्या दारात नेलं.

सप्टेंबरच्या एका दुपारी बाईंची भाची कोरीन त्यांना घेऊन आली. रस्त्यावरची दहा-बारा माणसं ड्राइव्हवेच्या दोन्ही बाजूंना उभी होती. बर्नडीनने सफरचंदाचा केक केला होता. गाडी रस्त्यावरच थांबली, कारण कोरीनला त्या काळ्या चकचकीत भागावर चाक घालायला धीर होईना. बाई वॉकर धरून उतरल्या आणि बघत राहिल्या. साठ फूट, एकसारखा काळा, एक रेषसुद्धा नाही.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्यावर बाईंनी विचारलं, "कोणत्या तारखेला केलं?"

"अं?" डेल्मर म्हणाला.

"तारीख. आणि हवा कशी होती?"

लॅव्हर्न पुढे आला. "एकोणीस ऑगस्ट, बाई. ऊन होतं, वारा नव्हता. पुढे दोन दिवस पाऊस नाही. उत्तम वाळलाय."

"सगळीकडे सारखाच दिला?"

"सारखा म्हणजे अगदी सारखा. एकाच टाकीतला, एकाच हाताने."

बाईंनी मान हलवली. "छान झालाय," त्या म्हणाल्या. "आभारी आहे मी सगळ्यांची." आणि केक खायला आत गेल्या. लोकांना वाटलं, बाई खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी टपाल घेऊन गेलो तर दार उघडंच होतं आणि त्या दाराशीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. डोळे सुजलेले. मला म्हणाल्या, "तूही पैसे घातलेस?"

"दहा डॉलर."

"तुला माहीत होतं ना, वेंडेल?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

सगळे आनंदात होते, असं म्हणालो. त्यांनी तोंड बाहेर ड्राइव्हवेकडे वळवलं. मला वाटलं, आता या माझ्याशी कधी बोलायच्या नाहीत, आणि बोलल्या नाहीत तर त्यांचं बरोबरच असेल. थोड्या वेळाने म्हणाल्या, "काल मी खूप रडले. डेल्मरला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल. त्या कपाटातली वही दे." वही उघडून त्यांनी शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली आणि लिहिलं, की सर्व आठ पट्ट्यांना शेजाऱ्यांनी लेप दिला. त्यापुढचं पान कोरंच राहिलं. तो ऑक्टोबर मोजणीशिवाय गेला, मग बर्फ पडलं.

त्या हिवाळ्यात मी रोज त्यांच्या दाराची पायरी झाडायचो. त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या काचेतून हात दाखवायच्या, पण ड्राइव्हवेचा विषय कोणी काढायचं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बर्फ वितळून पाणी वाहून गेलं. मी कोपऱ्यावर पोचलो तेव्हा डेल्मर घरातल्या चपला घालूनच बाईंच्या दिशेने पळत होता. बाईंचा फोन आला होता, "डेल्मर, ताबडतोब या." त्याला वाटलं, त्या पुन्हा पडल्या. मीही पिशवी सांभाळत पळालो. बाई पुढच्या दारात वॉकरला धरून अगदी ताठ उभ्या होत्या.

"काय झालं?" डेल्मर धापा टाकत होता.

"खाली बघा," त्या म्हणाल्या.

पट्टे परत आले होते.

आठच्या आठ, त्याच जागी, त्याच रुंदीचे. ज्या दोन पट्ट्यांना आधी कधीच काही लावलं नव्हतं, त्यांच्यावर लॅव्हर्नचा लेप घट्ट बसला होता, नुसती चमक गेली होती. ज्यांच्या फक्त भेगा भरल्या होत्या, तेही तसेच काळे. तीन वर्षांचे पट्टे चाकांखाली थोडे झिजले होते. आणि ज्यांना दरवर्षी लेप मिळाला होता, ते दोन पट्टे सोललेले होते. बर्फाच्या फावड्याने पापुद्रेच्या पापुद्रे निघाले होते, आणि जे उरले होते त्यांवर सुकलेल्या तळ्यासारखं भेगांचं जाळं.

डेल्मर कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "लॅव्हर्नने तिथे पातळ मारला असणार."

लॅव्हर्नला बोलावलं. तो आला तेव्हा आणखी चार जण जमले होते. "आईशप्पथ सांगतो, एकाच हाताने मारलाय," तो म्हणाला. मग गुडघ्यावर बसून त्याने पुट्टीच्या पात्याने एक पापुद्रा उचलला आणि कडेने बाईंना दाखवला. बाईंनी भिंग आणवलं. एकावर एक थर दिसत होते. बाईंनी मोजले, मग डेल्मरने मोजले. नऊ.

"आता कळलं," लॅव्हर्न हळूच म्हणाला. "कोरं डांबर लेप पिऊन घेतं. इथे पिणार कोण? माझा लेप डांबराला चिकटलाच नाही, तुमच्या जुन्या लेपाला चिकटला. आणि तोच निघून आला." एवढी वर्षं हा धंदा करून त्याने ही गोष्ट अशी शेजारी शेजारी कधी पाहिली नव्हती, कारण एका घरी एकच प्रकार असतो. तो बराच वेळ एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जात राहिला.

बाई मात्र डेल्मरकडे बघत होत्या. "हे मला ठरवून कधीच जमलं नसतं," त्या त्याला म्हणाल्या. "सगळ्यांवर एकच लेप, एकाच दिवशी. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

डेल्मरचा चेहरा उतरला. नेमकं तेव्हाच त्याला उमजलं असावं. "बाई," तो म्हणाला, "मी तुमचं काम बुडवलं होतं का?"

"हो," बाई म्हणाल्या. "बुडवलं होतंत. आता या दोरीची ती बाजू धरा."

त्या वसंतात डेल्मरने गुडघ्यांवर बसून सगळ्या भेगा मोजल्या, कारण बाईंना वाकता येत नव्हतं. त्या खुर्चीवरून सांगायच्या, तो आकडे ओरडायचा. लेपाखाली बुजलेले जुने ठिपके त्याने वहीतल्या आकड्यांवरून शोधून काढले. आणि एक गोष्ट त्याच्याच नजरेला आली. गॅरेजच्या तोंडाशी एका कोपऱ्यात डांबर खचून तुकडे झाले होते, आणि ती खचलेली जागा दोन वेगवेगळ्या पट्ट्यांत पसरली होती, एक कोरा आणि एक तीन वर्षांचा. दोघांची अवस्था सारखीच वाईट. "इथे लेपाचा संबंधच दिसत नाही," तो म्हणाला. मग एका पावसाच्या सकाळी तो छत्री घेऊन तिथे जाऊन उभाच राहिला. छपराच्या पन्हाळीचा नळ खाली येऊन बरोबर त्या कोपऱ्यात सुटत होता, आणि पाणी डांबराच्या कडेखाली शिरत होतं. दर हिवाळ्यात तेच पाणी गोठून फुगत असणार. डेल्मरने बारा डॉलरचं वाकडं नळकांडं आणि चार फुटांचा पाइप आणून नळाचं तोंड गवताकडे वळवलं. बाईंनी वहीत लिहिलं, शोध डी. प्रॉकनाव यांचा. त्याने ते पान मला दोनदा दाखवलं.

आणखी दोन हिवाळे मोजल्यावर बाईंनी सगळं एका कागदावर उतरवलं. हार्लोच्या थंडीत, या एका ड्राइव्हवेवर, एका गाडीखाली, असं आधीच स्पष्ट करून. भेगा वेळच्या वेळी भरल्याने सगळ्यात जास्त फरक पडला. त्यावर दर तीन वर्षांनी लेप दिला तर आणखी फायदा होतो की नाही, हे त्यांना आकड्यांवरून सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नाही असंच त्यांनी लिहिलं. दरवर्षीचा लेप वाईट. आणि सगळ्यांच्या आधी पन्हाळीचं पाणी कुठे जातं ते बघा. ते बंद पाकीटही त्यांनी माझ्यासमोर फोडलं. आत लिहिलं होतं, लेपाने काहीच होत नसावं. "चुकलेच की मी," त्या म्हणाल्या, आणि खळखळून हसल्या. "दरवर्षीच्या लेपाने केवढं झालं!"

तो कागद हार्डवेअरच्या दुकानातल्या फळ्यावर लागला. काहींनी लेप सोडला, काहींनी नाही. लॅव्हर्नने ट्रकवरच्या पाटीत भेगा भरण्याचं काम वर आणलं आणि लेप खाली. बर्नडीन मात्र म्हणाली, "मला काळा आवडतो. मी देणार."

"मग आवडतो म्हणून द्या," बाई म्हणाल्या. "तेही कारणच आहे. फक्त दरवर्षी नको."

शहात्तराव्या वर्षी बाईंनी घर विकलं आणि कोरीनच्या गावी एका लहान फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. घर घेतलं ते मिलवॉकीहून आलेल्या एका जोडप्याने. त्यांना डांबरच नको होतं. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी यंत्र आणून सगळा ड्राइव्हवे उखडला आणि काँक्रीट घातलं.

मी बाईंना फोन करून सांगायचं धाडस दोन दिवसांनी केलं. वाटलं होतं, त्यांना लागेल. पण त्या म्हणाल्या, "खाली कसं होतं? बघितलंस का तू?"

मी बघितलं होतं. ट्रक भरत असताना टपाल बाजूला ठेवून मी पार आत जाऊन बघून आलो होतो. मी त्यांना सांगितलं, की रस्त्यापासून गॅरेजच्या अलीकडेपर्यंत खालची खडी कोरडी आणि घट्ट होती, आणि गॅरेजच्या कोपऱ्यात खडी वाहून जाऊन पोकळी झाली होती, हात आत जाईल एवढी.

"केवढी खोल?"

"ते मी मोजलं नाही हो."

"अरे वेंडेल!"

"पण डेल्मरने मोजलंय," मी म्हणालो. "त्याला देतो, थांबा. तो इथेच उभा आहे, केव्हाचा फोन मागतोय."